फोटो संपादनासाठी डेस्कटॉप आणि साठवण : पैसे आधी कशात घालावेत?

माळरान

नमस्कार मंडळी.

मी मुख्यतः पक्षी आणि माळरानावरच्या प्राण्यांची छायाचित्रे काढतो. हिवाळ्यात भिगवणला उजनीचा फुगवटा, सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य आणि सवड कमी असली की कवडीपाट, असा माझा फिरण्याचा पट्टा आहे. आजवर सगळे संपादन लॅपटॉपवर केले, परंतु आता तो लाइटरूम क्लासिक या फोटो संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एका फोटोवरून दुसऱ्यावर जातानाही अडखळतो. फोटो तीन-चार बाह्य हार्ड डिस्कवर विखुरलेले असून त्यांचा एकूण पसारा सुमारे ३ टीबी आहे. सध्याचा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा आहे आणि पुढच्या वर्षी ४५ मेगापिक्सेलचा घेण्याचा विचार आहे.

पुण्यात बुधवार पेठेतल्या एका दुकानातून जी यादी मिळाली ती अशी आहे : सर्वांत वरच्या श्रेणीचा प्रोसेसर, १६ जीबी रॅम, १६ जीबी मेमरीचे ग्राफिक्स कार्ड, ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी (फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क), ८ टीबीची एक हार्ड डिस्क आणि २४ इंची फुल एचडी मॉनिटर. माझी मर्यादा दीड लाखाच्या आसपास आहे आणि ही यादी त्यात जेमतेम बसते. ती जशीच्या तशी घ्यावी की बदलावी? बदलायची असल्यास कुठे हात आखडता घ्यावा आणि कुठे घेऊ नये, हे जाणकारांनी कारणांसह सांगितल्यास फार उपयोग होईल.

तिन्हीसांज

आपली यादी खेळ खेळणाऱ्यासाठी केलेली दिसते. फोटो संपादनाची गरज निराळी असते, म्हणून आधी लाइटरूम काम करताना डिस्ककडून नेमके काय मागते ते पाहू.

२४ मेगापिक्सेलची रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेली मूळ फाइल, साधारण ३० एमबीची असते. चांगली हार्ड डिस्क सलग वाचनात सेकंदाला दीडशे एमबी सहज देते, म्हणजे ती फाइल वाचायला सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. त्यानंतर ती उलगडून पडद्यावर दाखवायचे काम प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डचे असते आणि त्याला बहुधा याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे मूळ रॉ फाइली हार्ड डिस्कवर असल्यामुळे घोडे अडत नाही. घोडे अडते ते कॅटलॉग (फोटोंची आणि संपादनांची नोंदवही), प्रीव्ह्यू (झटपट दाखवायच्या प्रती) आणि कॅमेरा रॉ कॅश (उलगडलेल्या फोटोंचा तात्पुरता साठा) यांच्यापाशी. तिथे लहान लहान हजारो तुकडे इकडून तिकडून वाचावे लागतात. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कमध्ये माहिती वाचणाऱ्या टोकाला (हेडला) योग्य जागी पोहोचायला आठ-नऊ मिलिसेकंद आणि तबकडी फिरून हवा तो भाग खाली यायला सरासरी चार मिलिसेकंद लागतात. म्हणजे अशी डिस्क सेकंदाला जेमतेम ७५-८० तुकडे वाचते, तर साधी एसएसडीसुद्धा हजारो वाचते. आपला लॅपटॉप अडखळतो त्याचे कारण इथेच असण्याची शक्यता मोठी आहे. कॅटलॉग बाह्य डिस्कवर आहे का, हे कृपया आधी पाहावे.

यावरून मांडणी ठरते. १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी प्रणाली, सॉफ्टवेअर, कॅटलॉग, प्रीव्ह्यू आणि कॅश यांच्यासाठी ठेवावी, आणि दुसरी १ किंवा २ टीबीची चालू हंगामाच्या फोटोंसाठी. जुने सगळे मोठ्या हार्ड डिस्कवर जावे. ५१२ जीबी अजिबात पुरणार नाही. कॅमेरा रॉ कॅशला २० ते ५० जीबी द्यावी, फोटोशॉपला काम करताना लागणारी तात्पुरती (स्क्रॅच) जागा मोकळी ठेवावी, आणि एसएसडी काठोकाठ भरू देऊ नये, कारण भरत आली की तिचा लेखनाचा वेग घटतो. क्यूएलसी प्रकारच्या स्वस्त एसएसडीत तर राखीव कॅश संपल्यावर मोठी कॉपी चालू असतानाच वेग हार्ड डिस्कच्याही खाली येऊ शकतो. कामाच्या डिस्कसाठी टीएलसी प्रकारचीच घ्यावी. वेष्टनावर सेकंदाला ७००० एमबी लिहिले आहे की ३५०० एमबी, याने लाइटरूमच्या कामात आपल्याला फरक जाणवणार नाही.

रॅम १६ जीबी कमी आहे. ४५ मेगापिक्सेलच्या फोटोचा १६ बिटचा एक पूर्ण थर फोटोशॉपमध्ये २७० एमबी जागा घेतो (४५ दशलक्ष बिंदू, प्रत्येकी ३ रंग, प्रत्येक रंगाला २ बाइट). दहा थर, त्यात हिस्टरी, शिवाय मागे लाइटरूम आणि ब्राउझर उघडे, हे गणित १६ मध्ये बसत नाही. ३२ जीबी घ्यावी, आणि ती एका पट्टीत न घेता १६ च्या दोन पट्ट्यांत घ्यावी, म्हणजे दोन्ही चॅनेल वापरात येतात. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढले आहेत हे खरे, तरी इथे काटकसर करू नये. पुढे पॅनोरामा जोडण्याचा विचार असेल तर आजच ३२ च्या दोन पट्ट्या घेणे श्रेयस्कर, कारण डीडीआर५ मध्ये चार पट्ट्या बसवल्या की बहुतेक मदरबोर्डांवर रॅमचा वेग खाली आणावा लागतो.

हे पैसे प्रोसेसरमधून काढावेत. आठ कोअरचा मध्यम श्रेणीचा प्रोसेसर, उदाहरणार्थ रायझन ७ ७७०० च्या वर्गातला, या कामाला भरपूर आहे. तो ६५ वॅटच्या गटातला असल्याने त्याला महागडा कूलरही लागत नाही, आणि एप्रिल-मेच्या पुण्यात ही गोष्ट लहान नव्हे.

शटरवेळ

तिन्हीसांज यांच्याशी बहुतांशी सहमत आहे. फक्त ग्राफिक्स कार्डाविषयी थोडे निराळे सांगायचे आहे, कारण ते आता शोभेचे राहिलेले नाही.

मी लग्नसमारंभ आणि गणेशोत्सवाचे काम करतो. विसर्जनाच्या रात्री अलका चौकात ढोल-ताशा पथक समोर असताना आयएसओ ६४०० च्या खाली येताच येत नाही. गुलालाच्या धुळीत दिव्यांचा उजेड विखुरतो आणि सावल्यांत रंगीत दाणे उठतात. अशा फोटोंसाठी लाइटरूममध्ये २०२३ साली आलेली एआय डीनॉइजची, म्हणजे फोटोतले दाणे काढण्याची, सोय अक्षरशः जीवदान आहे. पण ती जवळजवळ संपूर्णपणे ग्राफिक्स कार्डावर चालते. प्रोसेसरमधल्या अंगभूत ग्राफिक्सवर एका फोटोला कित्येक मिनिटे लागू शकतात, तर ८ जीबी मेमरीच्या मध्यम कार्डावर तेच काम काही सेकंदांत होते. एका फोटोपुरता हा फरक सोसता येतो. निवडक तीनशे फोटो रात्री लावून सकाळी ग्राहकाला द्यायचे असतील तर सोसत नाही. पहाटेच्या अंधुक उजेडात माळरानावर चिंकारा टिपणाऱ्यालाही ही सोय वारंवार लागेल.

म्हणून कार्ड वगळू नये, पण १६ जीबीचेही घेऊ नये. आरटीएक्स ४०६० किंवा त्यानंतरचे ५०६० या वर्गातले ८ जीबीचे कार्ड पुरे. ४०६० ला जास्तीत जास्त ११५ वॅट लागतात, त्यामुळे पॉवर सप्लायही अवाढव्य लागत नाही. साडेपाचशे-सहाशे वॅटचा, पण चांगल्या कंपनीचा घ्यावा. पॉवर सप्लाय ही दुकानाच्या जुळणीत हमखास काटछाट केली जाणारी जागा असते, तेव्हा बिलावर मॉडेलचे नाव लिहून घ्यावे.

पाषाणतळे

एक वेगळा पर्याय सुचवतो. एम४ चिपची मॅक मिनी नोव्हेंबर २०२४ मध्ये आली तेव्हा १६ जीबी मेमरी आणि २५६ जीबी साठवण असलेल्या प्राथमिक मॉडेलची भारतातली किंमत ५९,९०० रुपये होती. पूर्ण भाराने काम चालू असताना ती जास्तीत जास्त ६५ वॅटच्या आसपास आणि निवांत असताना चार-पाच वॅट वीज घेते, पंख्याचा आवाज जवळजवळ नाही, आणि छोट्या यूपीएसवर बराच वेळ तग धरते. साठवण थंडरबोल्ट किंवा यूएसबीने बाहेर जोडता येते. उरलेले पैसे मॉनिटरवर घालावेत.

शटरवेळ

यंत्र उत्तम आहे, यात शंका नाही. पण त्यातली मेमरी नंतर वाढवता येत नाही आणि खरेदीच्या वेळी वाढवायची तर ॲपलचे दर बाजारापेक्षा पुष्कळ चढे असतात. धागाकर्ते ४५ मेगापिक्सेलकडे जाणार आहेत. त्यांना १६ जीबीवर तीन-चार वर्षे काढायला सांगणे मला योग्य वाटत नाही, आणि २४ किंवा ३२ जीबीची मॅक मिनी घेतली की किमतीतला फायदा बराचसा संपतो. शिवाय डीनॉइजच्या वेगात वेगळे ग्राफिक्स कार्ड एम४ च्या पुढेच राहते.

पाषाणतळे

मेमरीबद्दलचे म्हणणे मान्य आहे. ज्यांचे काम २४ मेगापिक्सेलवर थांबणार आहे आणि ज्यांना जुळणीच्या भानगडीत पडायचे नाही, त्यांच्यासाठी मात्र हा पर्याय मी आजही पुढे ठेवेन.

कृष्णधवल

सगळ्यांनी वेगाची चर्चा केली, आणि ती चांगलीच झाली. मला मात्र मूळ यादीतल्या ‘८ टीबीची एक हार्ड डिस्क’ या शब्दांनी अस्वस्थ केले आहे. आपले ३ टीबी फोटो चार जुन्या डिस्कवरून एका डिस्कवर येणार आणि त्या जुन्या डिस्का पुसून इतर कामाला लागणार, असा बेत असेल तर कृपया तो तिथेच थांबवावा.

मी घरातल्या आणि नातलगांच्या जुन्या निगेटिव्ह स्कॅन करतो. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले तेव्हा नदीकाठच्या पेठांतल्या घरांमधून जे अल्बम गेले, ते गेलेच. त्यांची दुसरी प्रत कुठेही नव्हती. आपण म्हणू की ती जुनी गोष्ट झाली. पण २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याचे पाणी घराघरांत शिरले आणि जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पुन्हा तेच झाले. तळमजल्यावरच्या टेबलाखाली संगणक आणि त्याच्या शेजारच्या कप्प्यात बॅकअपची डिस्क असेल, तर पाण्याच्या दृष्टीने ती एकच प्रत आहे. चोरीच्या आणि आगीच्या दृष्टीनेही.

अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ हा नियम सोपा आहे : तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतली एक घराबाहेर. आपल्या बाबतीत मी तो असा लावेन. पहिली प्रत संगणकात. दुसरी ८ टीबीच्या बाह्य हार्ड डिस्कवर, जी फक्त बॅकअप घेताना जोडायची आणि लगेच काढून ठेवायची, कारण सतत जोडलेली डिस्क रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) किंवा विजेचा झटका आल्यास मूळ प्रतीबरोबरच जाते. तिसरी तशाच दुसऱ्या डिस्कवर, पण ती शहराच्या दुसऱ्या भागात, उंचावरच्या नातेवाइकाच्या घरी, आणि महिन्या-दोन महिन्यांनी या दोन डिस्कांची अदलाबदल करायची. माध्यमाचा प्रकारही बदलावा म्हणून निवडक, संपादित फोटोंचा संच क्लाउडवरही ठेवावा.

सगळेच्या सगळे रॉ क्लाउडवर चढवण्याचा विचार असेल तर गणित करून पाहावे. १०० एमबीपीएसचा वेग अखंड मिळाला तरी ४ टीबी चढायला पावणेचार दिवस लागतात. हे अशक्य नाही, पण त्यानंतर दर महिन्याचे भाडे आहे. तेच ४ टीबी बाह्य डिस्कवर सात-आठ तासांत उतरतात.

आता डिस्क निवडताना एक बारकावा. घरगुती हार्ड डिस्कांत सीएमआर आणि एसएमआर असे दोन प्रकार असतात. सीएमआरमध्ये माहितीचे पट्टे वेगवेगळे असतात. एसएमआरमध्ये ते कौलांसारखे एकावर एक थोडे चढवलेले असतात, त्यामुळे एका पट्ट्यात बदल करायचा तर शेजारचे पट्टेही पुन्हा लिहावे लागतात. परिणामी मोठी कॉपी चालू असताना वेग अचानक बराच खाली येऊ शकतो. एकदा भरून कपाटात ठेवायच्या डिस्कला हे चालून जाते. संगणकात रोज लिहिल्या-खोडल्या जाणाऱ्या डिस्कला आणि रेडमध्ये (अनेक डिस्का एकत्र जोडून चालवण्याच्या रचनेत) बसवायच्या डिस्कला चालत नाही. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या नॅससाठीच्या (नेटवर्कवरून वापरायच्या साठवणपेटीसाठीच्या) ‘रेड’, म्हणजे लाल, या नावाच्या मालिकेतील काही डिस्का एसएमआर असल्याचे उघड झाले आणि बराच गदारोळ झाला. त्यानंतर कंपनीने सीएमआर डिस्कांसाठी रेड प्लस हे नाव आणले. दुकानदाराला प्रकार ठाऊक असेलच असे नाही. मॉडेल क्रमांक घेऊन कंपनीच्या तक्त्यात स्वतः पाहावे, आणि अनुक्रमांकावरून वॉरंटी भारतात लागू आहे का तेही तपासावे.

माळरान

सर्वांचे मनापासून आभार. कॅटलॉग खरोखरच बाह्य डिस्कवर होता. तो काल लॅपटॉपच्या एसएसडीवर आणला आणि फरक लगेच जाणवला.

दोन शंका आहेत. एक म्हणजे, संगणकात ८ टीबीच्या दोन डिस्का बसवून रेड १ (दोन्हींवर तीच माहिती एकाच वेळी लिहिण्याची रचना) केले, तर बॅकअपची एक बाह्य डिस्क कमी करता येईल का? आणि दुसरी, नॅस घ्यावी का?

कृष्णधवल

पहिल्या शंकेचे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे. रेड १ मुळे एक डिस्क बंद पडली तरी काम थांबत नाही, एवढाच त्याचा लाभ. आपण चुकून एखादे फोल्डर पुसले तर ते दोन्ही डिस्कांवरून त्याच क्षणी पुसले जाते. आपल्याला काम थांबण्याची भीती नाही, फोटो जाण्याची आहे. तेव्हा ती दुसरी डिस्क पेटीत बसवण्याऐवजी बाहेर ठेवण्यातच तिचा खरा उपयोग आहे.

तिन्हीसांज

नॅसबद्दल मी सांगतो. एकापेक्षा अधिक माणसे त्याच फोटोंवर काम करत असतील, किंवा घरातल्या सगळ्यांच्या फोनचेही बॅकअप तिथेच न्यायचे असतील, तर नॅस सोयीची आहे. बीटीआरएफएस किंवा झेडएफएस या फाइल प्रणाली वापरणाऱ्या नॅसमध्ये प्रत्येक तुकड्याची पडताळणी होत असल्याने डिस्कवर नकळत बिघडलेली फाइल लक्षात तरी येते, हा तिचा मोठा गुण आहे. पण एकट्याच्या कामाला दीड लाखात नॅस बसवायची तर मॉनिटरवर गदा येईल. साध्या गिगाबिट नेटवर्कवर तिचा वेग सेकंदाला ११० एमबीच्या आसपास अडतो, आणि लाइटरूम क्लासिकचा कॅटलॉग नेटवर्कवरच्या जागेत ठेवून उघडताच येत नाही. दोन-तीन वर्षांनी पसारा १० टीबीच्या पुढे गेला की पुन्हा विचार करावा.

आता मॉनिटर. यादीतला २४ इंची फुल एचडी मला सर्वांत जास्त खटकला होता, आणि तो विषय बाजूलाच राहिला. जेजुरीला सोमवती अमावास्येला उधळलेल्या भंडाऱ्याचा फोटो डोळ्यांसमोर आणावा. त्या हळदी पिवळ्यात फिकट, गडद, उन्हातली, सावलीतली अशा असंख्य छटा असतात. एसआरजीबी या साध्या पडद्यांच्या रंगपल्ल्याच्या मर्यादेत त्या गडद पिवळ्यासाठी निळ्या रंगाचा आकडा शून्यापाशी जाऊन बसतो आणि सगळ्या छटांचा एक सपाट पिवळा डाग होतो. फाइलमध्ये तपशील असतो, पडदा तो दाखवत नाही, आणि तपशील गेला असे समजून आपण संपृक्तता चुकीच्या जागी कमी करत बसतो. २७ इंची आयपीएस, शक्यतो ४के, आणि डीसीआय-पी३ किंवा ॲडोबी आरजीबी या मोठ्या रंगपल्ल्याचा ९५ टक्क्यांच्या वर भाग दाखवणारा मॉनिटर घ्यावा.

त्याबरोबर कॅलिब्रेशनचे, म्हणजे पडद्याचे रंग प्रमाणाशी जुळवण्याचे, उपकरण हवेच. डेटाकलरचे स्पायडर किंवा कॅलिब्राइटचे उपकरण मित्रमंडळींत मिळून घेतले तरी चालते, कारण ते रोज लागत नाही. कॅलिब्रेशन करताना पडद्याची उजळता १०० ते १२० निट आणि पांढरा रंग डी६५ (दिवसाच्या उजेडासारखा प्रमाणित पांढरा) ठेवावा. ‘लॅबमधून प्रिंट काळपट येतात’ ही तक्रार बहुतेक वेळा लॅबची नसून भगभगीत ठेवलेल्या पडद्याची असते. पडदा पश्चिमेच्या खिडकीसमोरही ठेवू नये. दुपारनंतर त्यावर ऊन आले की रंगांवरचा निर्णय करता येत नाही.

शटरवेळ

यूपीएस विसरू नये. पावसाळ्यात वीज क्षणभर जाऊन येते आणि नेमका तेव्हाच कॅटलॉग लिहिला जात असतो. या संगणकाला आणि मॉनिटरला कामाच्या वेळी तीनशे वॅटच्या आसपास लागतील, म्हणून १००० व्हीएचा, म्हणजे साधारण ६०० वॅटचा लाइन-इंटरॲक्टिव्ह यूपीएस घ्यावा. शुद्ध साइन वेव्ह देणारा परवडत असेल तर तोच घ्यावा, कारण काही चांगले पॉवर सप्लाय नकली साइन वेव्हवर जाताना बंद पडतात. बाह्य साडेतीन इंची डिस्कचा अडॅप्टरही यूपीएसलाच जोडावा. कॉपी चालू असताना तोच बंद पडला तर संगणक चालू असून उपयोग नाही.

माळरान

आपण सर्वांनी दिलेल्या सल्ल्यावरून यादी नव्याने केली आहे. आठ कोअरचा मध्यम प्रोसेसर, १६ च्या दोन पट्ट्यांत ३२ जीबी रॅम, ८ जीबीचे ग्राफिक्स कार्ड, १ टीबीच्या दोन टीएलसी एनव्हीएमई, संगणकात ८ टीबीची एक सीएमआर डिस्क, बाहेर ८ टीबीच्या दोन डिस्का, १००० व्हीएचा यूपीएस आणि २७ इंची ४के मॉनिटर. दीड लाखाच्या थोडे वर जात आहे, म्हणून दुसरी बाह्य डिस्क पुढच्या महिन्यात घेईन आणि तोवर जुन्या चार डिस्का न पुसता भावाकडे धायरीला ठेवीन. कॅलिब्रेशनचे उपकरण आमच्या पक्षीनिरीक्षक मित्रांत मिळून घेण्याचे ठरले आहे.

शेवटचा प्रश्न : चार डिस्कांवरचे फोटो एका डिस्कवर आणताना कॅटलॉगमधली रेटिंग आणि संपादने हरवू नयेत, यासाठी काय करावे?

तिन्हीसांज

प्रथम कॅटलॉगचा बॅकअप घ्यावा आणि सर्व फोटो निवडून त्यांची माहिती फाइलमध्ये जतन करण्याची आज्ञा द्यावी, म्हणजे रॉच्या शेजारी एक्सएमपी फाइली तयार होतील आणि संपादनांची दुसरी नोंद राहील. नंतर नव्या डिस्कवर ‘फोटो’ असे एकच मूळ फोल्डर करून त्यात वर्षांची फोल्डरे ठेवावीत. एका वेळी एकाच जुन्या डिस्कवरची फोल्डरे लाइटरूमच्या बाहेर, पडताळणी करणाऱ्या कॉपीच्या साधनाने तिथे आणावीत. लाइटरूमच्या आत फोल्डर ओढून नेले तर फोटो हलवले जातात, आणि मध्येच वीज गेली की अर्धे इकडे अर्धे तिकडे होतात. कॉपी पूर्ण होऊन फायलींची संख्या व आकार जुळला की जुनी डिस्क काढून ठेवावी. लाइटरूममध्ये त्या फोल्डरवर प्रश्नचिन्ह दिसेल. त्यावर उजवी कळ दाबून हरवलेले फोल्डर शोधण्याचा पर्याय घ्यावा आणि नवी जागा दाखवावी. सगळी रेटिंग, कीवर्ड आणि संपादने जशीच्या तशी परत जोडली जातात. वर्षांच्या फोल्डरांची नावे मात्र हे सगळे आटोपेपर्यंत बदलू नयेत.